सोडण्याचे कारण

आमच्या घरातून कांद्याचा वास कधी गेला नाही. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. गाळप चालू असेल तोवर पगार, बॉयलर विझला की घरी. मध्ये सलग दोन वर्षं बॉयलर पेटलाच नाही. तेव्हा आई आणि ताई लोकांच्या वावरात कांदे काटायला जायच्या. काटायचे म्हणजे उपटून टाकलेल्या कांद्याची पात आणि मुळ्या विळ्यानं छाटायच्या, दिवसभर उन्हात उकिडवं बसून. मजुरीशिवाय फुटके आणि जोड कांदे घरी न्यायची मुभा असायची. त्यामुळे कालवणाला काही नसलं तरी कांदा असायचाच. भाजलेला कांदा, ठेचलेला कांदा, नुसता मीठ लावलेला कांदा. आजही पंगतीत कुणी हौसेनं कांदा मागितला की मी मान खाली घालून जेवतो.

घर पाटाच्या कडेला. तीन बाजूंनी पत्रे, चौथ्या बाजूला गोण्या शिवून केलेला पडदा. पाटाला पाण्याचं आवर्तन सुटलं की आमच्या जमिनीला ओल यायची आणि आम्ही दप्तरं आढ्याला टांगायचो.

ताई माझ्याहून दीड वर्षानं मोठी. तिचं नाव सारिका. पण आम्ही दोघं एकाच वर्गात. ती सहा वर्षांची झाली तेव्हा आई म्हणाली, "तिला एकलीला धाडू आणि पुढल्या साली ह्याला एकल्याला? रस्ता हाय, पाट हाय. ऱ्हाऊ दे तिला एक साल घरी. दोघं संगं जातील." म्हणजे मला हात धरायला कुणी असावं म्हणून ताईचं एक वर्ष गेलं. ते गेलं असं घरात कुणालाच वाटलं नाही. मला तर नाहीच.

बारावीला ताई पहिल्या वर्गात आली. मी काठावर पास झालो. जूनमध्ये ताईनं महिला कला महाविद्यालयात नाव घातलं आणि मी वडिलांबरोबर कांद्याच्या गाड्या भरायला लागलो.

आता बाईंबद्दल सांगतो.

बाई त्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. कॉलेज म्हणजे सहा खोल्या, एक व्हरांडा आणि लोखंडी फाटक. सगळ्या कॉलेजात बाकीच्यांना मॅडम म्हणत, यांनाच बाई. "मॅडम साहेबाच्या बायकोला म्हणतात. मी कुणाचीच नाही," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्या श्रीरामपूरहून सकाळच्या एसटीनं यायच्या, फाट्यावर उतरायच्या आणि तिथून पाटाच्या रस्त्यानं दोन किलोमीटर चालत कॉलेज गाठायच्या. वडापच्या जीपमध्ये कधी बसल्या नाहीत. म्हणायच्या, "वडापवाला माणसं मोजत नाही, कोंबतो. मला मोजलेलं लागतं."

उंच, वाळक्या, साडीखाली मोजे आणि कॅनव्हासचे बूट, हातात पुरुषी घड्याळ. खडू साबणाच्या डबीत. तो खडू कुणाला देत नसत. प्राचार्यांनी एकदा मागितला तर म्हणाल्या, "ऑफिसातून घ्या. हा माझा आहे." संस्थेच्या अध्यक्षांना सगळे साहेब म्हणत, बाई फक्त 'अध्यक्ष' म्हणायच्या. अध्यक्षांना ते आवडत नसे, पण करता काय? हाक तर बरोबर होती.

ताई पहिल्याच आठवड्यात घरी येऊन सांगत होती. बाई वर्गात आल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, "कांद्याचा वास येतोय. कोण काटून आलंय?" ताईनं आदल्या दिवशीच केस धुतले होते. तरी ती उभी राहिली. मुली तोंडाला ओढणी लावून हसल्या. बाई म्हणाल्या, "ये, पहिल्या बाकावर बस. काम करून आलेल्या माणसाला मागं बसवायचं नसतं." आई ऐकत होती. तिनं विचारलं, "चेष्टेनं म्हनल्या का खऱ्यानं?" ताई म्हणाली, "आई, त्या चेष्टा करत न्हाईत. त्यांना येतच न्हाई."

पाच आठवडे ताई कॉलेजला गेली. आणि ऑगस्टमध्ये कॉलेजात मुलगे घ्यायचं ठरलं.

मुलींचा पट घसरला होता. पट नाही तर शिक्षकांच्या जागा जातात, जागा गेल्या की कॉलेज जातं. संस्थेनं परवानगी आणली. फाटकावरच्या पाटीतलं 'महिला' पांढऱ्या रंगानं पुसलं. जाहीर सभा झाली. आपली संस्था काळाबरोबर चालली आहे, मुलगा-मुलगी भेद आपण मानत नाही, अशी भाषणं झाली. हे ठरलं त्या बैठकीत बाईंनी लेखी हरकत नोंदवली होती. ती मी पुढे स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. दोनच वाक्यं होती: 'मुलगे अवश्य घ्यावेत. परंतु आधी प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन घरच्यांना विचारावे व समजवावे, नाहीतर मुली जातील.' त्यावर सचिवांनी लिहिलं होतं: 'आवश्यकता वाटत नाही.'

विचारायला कुणी गेलं नाही. आणि मुली गेल्या. एका महिन्यात पहिल्या वर्षाच्या बारा मुली घरी बसल्या. आमच्याकडच्या बापांचं गणित सरळ होतं. बायकांचं कॉलेज आहे म्हणून पोरगी पाठवली. आता ते बायकांचं राहिलं नाही.

आम्ही अकरा मुलगे आलो. कुणाला कुठं प्रवेश मिळाला नव्हता, कुणाला तालुक्याला जायला जमत नव्हतं. बाईंनी आम्हाला शेवटच्या दोन बाकांवर बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पाहुणे. पाहुण्यानं दाराजवळ बसावं." तेव्हापासून त्यांच्या तोंडी आमचं नाव पाहुणे. तीन वर्षं त्यांनी एकाही मुलाला नावानं हाक मारली नाही.

पहिल्या आठवड्यात मी आणि ताई दोघंही वर्गात होतो. बाईंनी मला काहीतरी विचारलं. मला आलं नाही. त्यांनी ताईला विचारलं. तिनं घडाघडा सांगितलं. बाई म्हणाल्या, "पाहुणे, ही तुमची कोण?"

"बहीण."

"मग घरातच विहीर आहे. प्या की."

वर्ग हसला. मधल्या सुट्टीत मुलांनी माझं नाव पाडलं. ताईचं शेपूट. देवळालीकडचा गणेश नावाचा एक मुलगा होता, तो तर मी दिसलो की हात मागं नेऊन शेपटी हलवून दाखवायचा.

त्याच संध्याकाळी चुलते घरी आले होते. "पोरांच्या कॉलेजात पोरगी धाडतोस व्हय रं? सोयरे काय म्हनतील?"  ताई पडद्याआड भाकरी थापत होती. ती आतूनच म्हणाली, "हा हाय की माझ्यासंगं. सख्खा भाऊ वर्गात आसल्यावर कोन काय बोलंल?"

वडील म्हणाले, "तीच तर भीती हाय. कोन काय बोललं तर हा हानामारी करंल आन जेलात बसंल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग. तू बघितलंय. कशी हाईत तिथली पोरं?"

मला गणेशची शेपटी दिसत होती. मी म्हणालो, "तिथली पोरं चांगली न्हाईत."

एवढंच बोललो. पडद्याआडचा थापायचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवसापासून ताई कांद्याला आणि मी कॉलेजला.

बाईंनी गेलेल्या मुलींची नावं हजेरीतून काढली नाहीत. मस्टरवर मुलींची नावं आधी, मग पाहुण्यांचे नुसते नंबर. रोज सगळी नावं वाचायच्या. गेलेल्या मुलीचं नाव आलं की मान वर करून दाराकडे बघायच्या आणि डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटायच्या, पाचपर्यंत. मग म्हणायच्या, "गैरहजर." पुढचं नाव. बारा मुली, बारा वेळा पाच बोटं. "सारिका." एक, दोन, तीन, चार, पाच. "गैरहजर." मी दाराजवळच बसलेला. बाई दाराकडे बघायच्या म्हणजे माझ्यावरूनच बघायच्या.

तेवढ्यानं भागत नव्हतं. फाट्यावरून येताना रस्त्यात ज्या मुलींची घरं लागत, त्या घरांपुढे बाई उभ्या राहून मोठ्यानं ओरडायच्या. आमच्या घरापुढं सात वाजून दहा मिनिटांनी. "सारिका! गैरहजर!" आणि चालू लागायच्या. गावात त्यांना येडी बाई म्हणायला लागले. एका घरानं अंगावर कुत्रं सोडलं. बाईंनी छत्रीनं कुत्र्याला थोपवलं, पाचपर्यंत मोजलं, गैरहजर म्हटलं आणि मगच पुढे गेल्या. आमचे वडील ती वेळ झाली की मोबाईलवर भजन मोठ्यानं लावायचे. बाईंचा आवाज त्याच्या वर जायचा.

एकदा मी चूल फुंकत बसलो होतो. बाहेर बाई ओरडल्या, "सारिका!" ताई माझ्याकडे पाठ करून पीठ मळत होती. ती अगदी हळू, पिठाला सांगावं तसं म्हणाली, "हजर." बाहेर बाईंचे पाच मोजून झाले होते.

वर्गात सगळे हसायचे. एक दिवस गणेशला लहर आली. बाईंनी "अश्विनी" म्हणून नाव घेतलं आणि हा पोरीचा आवाज काढून म्हणाला, "हजर, बाई!" वर्ग फुटला. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्याच्या बाकापाशी गेल्या. "तुम्ही तिच्या वतीनं बोलता, म्हणजे तुमची ओळख असणार. जा तिच्या घरी. ती का येत नाही ते तिच्या अक्षरात लिहून आणा. तोवर माझ्या तासाला बसू नका."

गणेश चार दिवसांनी आला. हातात लग्नपत्रिका होती. अश्विनीचं लग्न होऊन आठवडा झाला होता, वैजापूरकडे दिली होती. तिच्या आईनं गणेशला चहा पाजला आणि उरलेली एक पत्रिका दिली, एवढंच. बाईंनी पत्रिका उघडून मोठ्यानं वाचली. वधूच्या नावापुढं कंसात छापलं होतं, एफ.वाय.बी.ए.

"बघा," बाई म्हणाल्या. "घरी बसवली, पण पत्रिकेत लावायला ते चाललं." त्यांनी पत्रिका मस्टरच्या त्या पानाला डिंकानं चिकटवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "अश्विनी." पाच बोटं. गणेश त्यानंतर हसला नाही. माझी शेपटीही त्यानं बंद केली. पण आता काय उपयोग होता?

बाई आम्हाला कधी आवडल्या नाहीत, हे खरं सांगायला पाहिजे. आता त्यांच्याबद्दल बोलताना लोक गहिवरतात. तेव्हा त्यांच्याजवळ कुणी उभं राहत नसे. स्टाफरूममध्ये त्या एकट्या डबा खायच्या. एकदा मी त्यांना पाटाच्या रस्त्यावर गाठून विचारलं, "बाई, तुमाला आमचा लई राग येतो का?"

"तुमचा कशाला? तुम्ही आलात म्हणून माझी नोकरी राहिली." त्या चालतच होत्या. "बारा मुली गेल्या आणि त्यावर मी जेवते. म्हणून ओरडत जाते."

मग स्वतःहूनच त्यांनी एक गोष्ट सांगितली, तेवढी एकच. त्यांच्या आजीच्या आईला मिशनच्या शाळेत न्यायला एक गोरी बाई रोज दारात यायची. आत यायला कुणी देत नसे. ती दारात उभी राहून नाव घ्यायची आणि जायची. "दोन महिने नुसतं नाव घेत होती. मग एक दिवस ती पोर बाहेर आली. तिच्यापासून आमच्या घरात चार पिढ्या मास्तर. नुसत्या हाकेवर."

मी म्हणालो, "आन न्हाई आली तर?"

"तर काय? हाक मारायला काय जातं? मला तर पगार मिळतो."

दिवाळीनंतर ताईची सोयरीक सोनईला जमली. मुलगा टेम्पो चालवायचा. सामुदायिक विवाहात लग्न लावायचं ठरलं आणि तिथल्या समितीला वयाच्या पुराव्यासाठी शाळेचा मूळ दाखला पाहिजे होता. तो प्रवेशाच्या वेळी कॉलेजात जमा केलेला. दाखल्यांच्या कपाटाची किल्ली प्रवेश समितीकडे, म्हणजे बाईंकडे.

वडील मला घेऊन कॉलेजात गेले. बाईंनी चष्मा पुसला. "दाखल्यावर नाव कुणाचं?"

"पोरीचं."

"मग पोरीला पाठवा. सही तिची लागते. आणि आधी एक तास वर्गात बसावं लागेल."

"आवो, बाप हाय मी तिचा!"

"असाल."

वडिलांचा तोल गेला. "तुमाला काय कळनार! तुमाला ना लेक ना बाळ!"

"नाही ना," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मला वेळ आहे. मी थांबते."

वडील प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी हात वर केले. तिसऱ्या दिवशी वडील ताईला घेऊन आले. ताईनं जूनमधला तोच पंजाबी ड्रेस घातला होता. ती पहिल्या बाकावर बसली. तिची जागा रिकामीच होती, बाई तिथं कुणाला बसू देत नसत. हजेरी सुरू झाली.

"सारिका."

"हजर."

बाईंचं एकच बोट मिटलं होतं. त्यांनी ते उघडलं आणि पुढचं नाव घेतलं. तासभर काय शिकवलं ते मला आठवत नाही. ताई मात्र सगळं वहीत उतरवून घेत होती.

तास संपल्यावर ऑफिसात. वडील बाहेर पायरीवर बसले होते. बाईंनी कपाटातून दाखला काढला, टेबलावर ठेवला, आणि त्यावर आपला हात ठेवला. मग रजिस्टर उघडलं. त्यात रकाने असतात: नाव, दाखला क्रमांक, सोडण्याचे कारण, सही, शेरा. वरच्या सगळ्या ओळींत एकच शब्द होता. घरगुती. घरगुती. घरगुती. मी दाराबाहेर उभा राहून बघत होतो.

ताईनं पेन घेतलं. बाई म्हणाल्या, "घरगुती लिहायचं नाही. या बायांनी लिहिलं ते मी घेतलं, ती माझी चूक. पानिपतात का हरलो? घरगुती कारणानं. असं पेपरात लिहिलंस तर किती मार्क देऊ? ज्यामुळं झालं ते लिही."

 ताईनं लिहिलं. बाईंनी वाचलं आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "पाहुणे, आत या. वाचा."

ताईचं अक्षर मोत्यासारखं होतं. लिहिलं होतं: 'भाऊ म्हणाला की तिथली मुलं चांगली नाहीत.'

"मुलं किती आहेत?" बाईंनी विचारलं.

"अकरा."

"त्यात तुम्ही धरून?"

"व्हय."

"हे कारण खरं आहे का? मला खरं कारण लागतं. खोटं असेल तर तसं सांगा. मी दाखला देणार नाही, आणि तुमच्या वडिलांशी मी बघून घेईन. खरं असेल तर साक्षीदार म्हणून इथं सही करा."

अजूनही तो टेबल माझ्या डोळ्यांपुढे आहे. बाईंचा दाखल्यावर ठेवलेला हात. ताई खिडकीतून बाहेर बघत होती. एक शब्द बोलायचा होता, खोटं. बाहेर वडील खोकले. मला वाटलं, आत्ता बोललो तर घरी जाऊन सगळं सांगावं लागेल. शेपटीपासून सगळं. माझं कॉलेजही बंद होईल.

मी सही केली.

बाईंनी दाखल्यावरचा हात उचलला. ताईनं दाखला घेतला, घडी न करता वहीत घातला. दारातून जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबली. म्हणाली, "सही चांगली करतोस रे." आणि वडिलांच्या मागं निघून गेली.

लग्न झालं. पत्रिकेत ताईच्या नावापुढंही छापलं होतं, एफ.वाय.बी.ए.

आमच्या दारावरची हाक बंद झाली नाही. एक दिवस आई बाहेर गेली. "बाई, आता कशाला वरडता? ती नांदायला गेली."

"कुठं?"

"सोनईला."

बाईंनी पर्समधून कागद काढून लिहून घेतलं. पुढं कळलं की दिवाळीच्या सुट्टीत त्या एसटीनं बारा गावं फिरायच्या. दारात उभं राहून नाव घ्यायच्या, पाच मोजायच्या, पाणी दिलं तर पाणी प्यायच्या आणि परत. ताईच्या सासूनं पहिल्या वर्षी पाणी दिलं, दुसऱ्या वर्षी दार लावून घेतलं. बाराजणींतली एक मुलगी परत आली. ती नापास झाली आणि पुन्हा गेली.

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पाटाकडच्या पत्र्याच्या घरातून, कांद्याच्या वासातून निघून पदवी घेणं ही साधी गोष्ट नाही. वडिलांनी फाट्यावरच्या हॉटेलात ओळखी-अनोळखी सगळ्यांना पेढे वाटले. पदवी फ्रेम करून टांगली. दिवाळीला ताई आली. कडेवर पोरगी होती. तिनं पदराच्या टोकानं फ्रेमची काच पुसली आणि म्हणाली, "नीट टांग. वाकडी हाय."

मला त्याच कॉलेजात क्लार्कची नोकरी लागली. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी ऑफिसात आल्या आणि कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "पाहुणे, आता तुम्ही घरचे झालात. रजिस्टर सांभाळा." निरोपसमारंभाला थांबल्या नाहीत, एसटी चुकली असती.

चार वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. श्रीरामपूरला चर्चच्या मागं भाड्याच्या खोलीत राहायच्या. मी गेलो तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि वाचा गेली होती. शेजारीण भरवायची. मला ओळखलं की नाही कळेना.  मग मी हजेरी घ्यायला लागलो. बाराही नावं मला पाठ होती. अश्विनी म्हणालो, बाईंचा डावा हात चादरीवर हलला. एकेक बोट मिटलं. पाच. पुढचं नाव. पाच. सारिका म्हणालो. बाईंनी बोटं मिटली नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाट बघितली. मग कळलं की हे नाव मोजायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलंय.

त्या दोन महिन्यांनी गेल्या. मातीला आम्ही नऊजण होतो. संस्थेतून कुणी आलं नाही, परीक्षा चालू होत्या.

मी प्रवेशाचा फॉर्म घेऊन सोनईला गेलो. ताई गोठ्यात होती. फॉर्म बघून म्हणाली, "उपकार करायला आलास?"

"न्हाई."

"मग जा."

पुढच्या जूनमध्ये गेलो. त्याच्या पुढच्या. दारात उभा राहून नाव घ्यायचो, "सारिका." एरवी मी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. सासू आतून म्हणायची, "आला तुझा येडा भाऊ." दाजी हसायचे. पाचव्या वर्षी सासू वारली. सहाव्या वर्षी मी नाव घेतलं आणि ताई पदराला हात पुसत बाहेर आली.

"कशाला वरडतोस? शेजारी बघत्यात."

मी म्हणालो, "ताई, बहिःस्थ परीक्षेचा फॉर्म आणलाय. कॉलेजात यायला नको, घरी बसून दे."

"बहिःस्थ नको," ती म्हणाली. "मला हजेरीत नाव पायजे."

दाजी म्हणाले, "जाऊ दे तिला. पण धारंच्या वक्ताला घरात पायजे."

वडील तेव्हा थकले होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तवा येडी बाई बरोबर हुती का?"  माझी सही त्यांनी कधी बघितली नव्हती. त्या दिवशी रजिस्टर घरी नेऊन दाखवलं. त्यांनी ते ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि माझ्याकडे न बघता मिटलं. आमच्यात पूर्वी होतं ते बोलणं त्यानंतर राहिलं नाही.

ताई सोनईच्या एसटीनं यायची, फाट्यावर उतरून चालत. वर्गातली पोरं तिच्या लेकीच्या वयाची. पहिल्या दिवशी तिला काकू म्हणाली, महिन्याभरात नोट्स मागायला लागली. पहिल्या बाकावर बसायची. ऑफिसात आली की मला म्हणायची, "क्लार्कसाहेब, फॉर्म द्या." तीन वर्षांत भाऊ म्हणून हाक मारली नाही. दुसऱ्या वर्षी दाजींच्या टेम्पोला अपघात झाला, पाय गेला. तेव्हा आम्हाला वाटलं, आता सुटलं. ती आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी केसांना कांद्याचा वास घेऊन आली. पुन्हा काटायला जायला लागली होती. तिसऱ्या वर्षाची परीक्षा तिनं तशीच दिली.

बाकीच्या अकराजणी अजून बाहेरच आहेत. त्यांची नावं जुन्या मस्टरवर आहेत.

गेल्या जूनमध्ये निकाल लागला. मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. ती ओळ, ते मोत्यासारखं अक्षर, त्यापुढं माझी सही. शेवटचा शेरा हा रकाना कोराच होता. मी ताईला बोलावलं आणि तिच्यासमोर लिहिलं: 'विद्यार्थिनी परत आली. बी.ए. उत्तीर्ण.' खाली सही केली. ताईनं रजिस्टर आपल्याकडे फिरवलं, माझ्या दोन्ही सह्या बघितल्या, आणि म्हणाली, "दाखला काढ माझा. ह्या बारीला कारण मी सांगते. शिक्षण पूर्ण झालं."

मी तेच लिहिलं.